बोकडाचा वास आणि शेळीची पसंती

प्रश्न कणकवलीकडच्या एका तरुण शेळीपालकाचा आहे. त्याच्याकडे कोकण कन्याळ शेळ्या आहेत. बोकड महिनाभर चुलत्याच्या वाडीत होता. तो परत आणल्यावर आठवड्या-दहा दिवसांत निम्म्याहून जास्त शेळ्या माजावर आल्या. एका शेळीने मात्र त्याला अंगाला हात लावू दिला नाही. शेजाऱ्याचा बोकड कुंपणापलीकडे दिसला तेव्हा हीच शेळी शेपटी हलवत तिकडे धावली. तो विचारतो: "हे सगळं हार्मोनचं काम, असं म्हणतात. मग ही शेळी निवड कशी करते? जनावराला यातलं काही कळतं, की रक्तातलं रसायन नाचवेल तसं ते नाचतं?"

कोकणात पशुवैद्य म्हणून काम करताना हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत येत राहिला, पण इतक्या नेमकेपणाने क्वचितच. आधी सरळ उत्तर देतो. हार्मोन हुकूम सोडत नाही. कशाकडे लक्ष द्यायचं आणि कशाला किती महत्त्व द्यायचं, हा मेंदूचा कल ते बदलतं. उलट मेंदूने काय हुंगलं, पाहिलं, ऐकलं, त्याला आधीचं काय आठवतंय, यावर किती हार्मोन सुटायचं हे ठरतं. वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. तुमच्या गोठ्यात महिनाभराने बोकड आला तेव्हा सुरुवात शेळीच्या रक्तात झाली नव्हती, नाकात झाली होती.

बोकडाचा उग्र दर्प आपल्याला नकोसा वाटतो. माजलेला बोकड स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर लघवी उडवून घेतो, त्यामुळे सगळा वास लघवीचाच असं लोक धरून चालतात. शेळीच्या मेंदूला हलवणारा वास मात्र त्याच्या डोक्या-मानेच्या केसांतून येतो. जपानी संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या चढवून तो हवेतला वास गोळा केला, आणि २०१४ साली त्यातला ४-एथिलऑक्टॅनल हा पदार्थ वेगळा काढून दाखवला. खच्ची केलेल्या बोकडांत तो सापडला नाही, म्हणजे तो तयार व्हायला टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन लागतं. हाच पदार्थ हवेत आणखी बदलला की आपण ज्याला बोकडाचा वास म्हणतो ते आम्ल तयार होतं.

हा वास नाकात शिरला की शेळीच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, काही पेशी ठरावीक ठेक्याने जोरात चेतू लागतात. त्या प्रत्येक ठेक्यासरशी जीएनआरएच नावाचं हार्मोन थेंबाथेंबाने मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडे उतरतं आणि पिट्युटरी एलएच, म्हणजे बीजकोषातून बीज सोडवणारं हार्मोन, सोडते. (जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कामासाठी शॅली आणि गियमँ यांना १९७७ चं नोबेल मिळालं.) बोकड आल्यावर काही मिनिटांतच एलएचचे ठेके वाढतात, दोन-चार दिवसांत पहिलं बीज सुटतं. हा पहिला फेरा बऱ्याचदा कच्चा असतो. बीज सुटल्यावर बीजकोषावर तयार झालेला पीतपिंड (गाभ टिकवणारं हार्मोन देणारी गाठ) टिकत नाही आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा बीज सुटतं. गाभण राहण्याच्या दृष्टीने खरा भरवसा या दुसऱ्या फेऱ्यावर. तुमचा 'आठवडा-दहा दिवस' तिथून आला.

इथपर्यंत सगळं यंत्रासारखं वाटतं. वास आला, कळ दाबली गेली, शेळी माजावर आली. पण यंत्राने जुनं-नवं ओळखायचं काही कारण नाही, आणि इथे तर ते ओळखलं जातं. बोकड कायम कळपात असेल तर त्याच्या वासाचा असर ओसरतो. तो काही आठवडे दूर ठेवून परत आणला, किंवा जुना असताना नवा अनोळखी नर आणला, की असर पुन्हा दिसतो. मेक्सिकोत डेल्गाडियो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नुसता बोकड असून भागत नाही, तो चेतलेला हवा. त्यांनी काही बोकडांना कृत्रिम उजेडात मोठा दिवस भासवून, मग नैसर्गिक उजेडात आणून, ऐन ऋतूबाहेर तेजीत आणलं. अशा बोकडांनी जवळजवळ सगळ्या शेळ्या माजावर आणल्या आणि थंड पडलेल्या बोकडांना ते साधलं नाही. म्हणजे शेळीच्या मेंदूला वासाबरोबर नराचं वागणंही मोजावं लागतं: ती जीभ बाहेर काढून केलेली गुरगुर, पुढचा पाय झाडणं, कुशीला नाक घासणं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो मेंढ्यांवरचा फ्रान्समधला प्रयोग. नराचा कधी अनुभव नसलेल्या मेंढ्यांना नराचा वास दिला तर बऱ्याच जणींच्या एलएचमध्ये फारसा फरक पडत नाही, अनुभवी मेंढीत पडतो. मग काही मेंढ्यांना लॅव्हेंडरचं अत्तर लावलेल्या नरांबरोबर ठेवलं. पुढे नर नसताना त्यांना नुसतं लॅव्हेंडर हुंगवलं, तर एलएच वाढलं! एका फुलाचा वास, त्याचा प्रजननाशी काही संबंध नाही, पण मेंदूने तो शिकून घेतला आणि पिट्युटरीने तो मानला. म्हणून 'हार्मोन की अक्कल' अशी वाटणी करता येत नाही. अकलेने शिकलेली गोष्ट हार्मोनच्या दाराशी जाऊन कडी काढते.

आता उलटी बाजू. हार्मोन मेंदूला काय करतं? त्याचा पहिला नीट पुरावा कोंबड्याने दिला, आणि कोकणात कोंबड्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगनमध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणं काढलेले कोंबडे मोठे झाल्यावर आरवेनात, झुंजेनात, तुराही लहान राहिला. ज्यांच्या पोटात वृषण परत ठेवलं, मग ते मूळ नसांना जोडलेलं नसलं तरी, ते नेहमीसारखे कोंबडे झाले. वृषणातून काहीतरी रक्तात उतरतं आणि सगळ्या अंगावर व वागण्यावर चालतं, हा निष्कर्ष तेव्हा अगदी नवा होता.

कोंबडी आरवली की आजही घरातली म्हातारी माणसं कावरीबावरी होतात. बरेचदा लगेच सुरी काढतात. त्या कोंबडीत अपशकुनासारखं काही नसतं. कोंबडीचा फक्त डावा बीजकोष कामाचा असतो, उजवा खुरटलेला. डावा गाठीने किंवा रोगाने बाद झाला की इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन आटतं. मग उजव्या बाजूच्या अवशेषात वृषणासारखी ऊती वाढू शकते, तुरा मोठा होतो, पिसं बदलतात आणि कोंबडी बांग देते. अंडी द्यायची ती थांबलेलीच असते, तेव्हा कापायचा निर्णय हिशेबाने चूक म्हणता येत नाही, फक्त कारण वेगळं द्या.

बांगेतही डोकं आहे. जपानमध्येच २०१५ साली दाखवलं गेलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटेची पहिली बांग मानाने वरच्या कोंबड्याची असते, बाकीचे आपला क्रम येईपर्यंत थांबतात. वरचा काढून घेतला की दुसऱ्या क्रमांकाचा पहिला होतो. आरवण्याची ताकद टेस्टोस्टेरॉनची, पण कधी आरवायचं हे ठरवायला शेजारी कोण आहे आणि त्याच्याशी झालेल्या झुंजीत काय झालं, हे आठवावं लागतं. मादीही गप्प बसत नाही. कोंबडी मोठ्या लाल तुऱ्याच्या नराकडे झुकते. मानाने खालच्या नराने जबरदस्ती केलीच तर त्याचं बीज ती बऱ्याचदा बाहेर टाकून देते. हे पिझारी आणि बर्कहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. तुमच्या शेळीच्या नकाराला जनावरांच्या जगात अशी सोबत आहे.

अनुभवाचं वजन खच्चीकरणातही दिसतं. कोवळ्या वयात खच्ची केलेलं पिल्लू नराचं वागणं फारसं शिकतच नाही. पण दोन हंगाम काम केलेला बोकड खच्ची केला तर टेस्टोस्टेरॉन लवकर घसरतं आणि तरी तो महिनोन्‌महिने शेळ्यांवर उड्या मारत राहू शकतो. मालक मग माझ्याकडे येऊन विचारतात, डॉक्टर, ऑपरेशन फसलं काय? फसलेलं नसतं. बोक्यांवर (नर मांजरांवर) हेच १९५८ मध्ये रोझेनब्लाट आणि अॅरन्सन यांनी तपासून दाखवलं होतं.

गायीच्या जुळ्यांचा विषय इथेच उरकतो, कारण तो नेहमी निघतो. पाडा आणि पाडी जुळी झाली तर पाडी बहुतेकदा वांझ निघते. गर्भात दोघांची वार जुळून रक्त एकमेकांत जातं आणि पाड्याच्या वृषणातली द्रव्यं पाडीचे अवयव घडण्याआधीच बिघडवतात. फ्रँक लिली यांनी १९१६-१७ मध्ये हे मांडलं. गर्भातली हार्मोनं घडण करतात, मोठेपणीची हार्मोनं त्या घडणीला चालना देतात, हा भेद पुढे १९५९ साली गिनीपिगवरच्या प्रयोगांनी मेंदूलाही लागू झाला.

समुद्रावरच्या लोकांना एक उदाहरण जास्त पटेल. घोळ, ढोमा हे मासे पाण्याखाली आवाज करतात, बोताच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या, भोवतालचे स्नायू थरथरवून. जुने तांडेल होडीच्या लाकडाला कान लावून थवा ओळखायचे. हे स्नायू प्रजननाच्या हंगामात नराच्या हार्मोनने जाड होतात, हे ढोम्याच्या कुळातल्याच एका अमेरिकी माशात तपासलेलं आहे. नराचं ठीक, पण मादी? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिडशिपमन नावाचा मासा आहे. त्याचा नर रात्रभर इतका घुमतो की होडीघरांत राहणाऱ्यांची झोप उडते. हंगाम नसताना मादीच्या कानाला त्या घुमण्यातले वरचे सूर नीट टिपता येत नाहीत. हंगामात येतात. सिस्नेरोस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बिगरहंगामी माद्यांना इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांचे कान हंगामी मादीसारखे झाले. हार्मोनने मादीला 'जा त्याच्याकडे' असं सांगितलं नाही. तिला जे ऐकू येत नव्हतं ते ऐकू येऊ लागलं, पुढचं तिने केलं. हार्मोन आणि बुद्धी यांचं नातं मला याहून स्वच्छ कुठे दिसलेलं नाही.

पक्ष्यांत मेंदूचा आकारच बदलतो. मार्च उजाडला की दयाळ पहाटे माडाच्या शेंड्यावर बसून गाऊ लागतो, आणि पावसाळा सरताना गप्प होतो. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत गाण्याची वेगळी केंद्रं असतात. फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८१ साली कॅनरी पक्ष्यात दाखवलं की ही केंद्रं वसंतात शरदाच्या जवळजवळ दुप्पट होतात. पाठोपाठ, मोठ्या पक्ष्याच्या मेंदूत नव्या पेशी जन्मतात हेही दिसलं. तोवर प्रौढ मेंदूत नवी पेशी होत नाही हे पाठ्यपुस्तकातलं ब्रह्मवाक्य होतं.

कोकणातल्या दिवसाची लांबी वर्षभरात सुमारे दोन तासांनी कमी-जास्त होते. युरोपच्या मानाने हा फरक थोडा, म्हणून आपल्याकडे सगळं पावसावर चालतं असं म्हटलं जातं. ते पुरतं खरं नाही. पनामातल्या एका जंगली पक्ष्याला दिवसातला अवघ्या १७ मिनिटांचा फरक कळतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालंय. दिवस वाढू लागला की शरीर तयारीला लागतं, आणि पाऊस, हिरवं गवत, किडे शेवटचा धक्का देतात. उजेडही पक्षी नुसता डोळ्यांनी मोजत नाहीत. तो कवटीतून झिरपून थेट मेंदूच्या आतल्या पेशींवर पडतो.

सुगरणीबद्दल कोकणाने जगाला काही दिलंय, ते सांगायलाच हवं. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहती पाहिल्या. नर अर्धवट घरटी विणून ठेवतात, माद्या येऊन आत-बाहेर करून तपासतात, एखादं पसंत करतात. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. हा सगळा व्यवहार त्यांनी तिथे टिपला. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की मादी विणकामापेक्षा घरटं कुठे टांगलंय याला जास्त भाव देते. विणणं तरी नुसतं हार्मोनने येतं का? आफ्रिकेतल्या सुगरणींवर काम करणाऱ्या निकोलस आणि एल्सी कोलियास यांनी काही पिल्लांना लहानपणी गवत-पात्यांशी खेळूच दिलं नाही. मोठी झाल्यावर त्यांना धड गाठ मारता येईना. हंगाम आला, अंगात हार्मोन आलं, हात मात्र अडाणी राहिले.

कवड्याच्या कुळातल्या पक्ष्यांवर डॅनियल लेरमन यांनी केलेलं काम याच्या पुढचं पाऊल. मादी एकटी असेल तर अंडी घालत नाही. काचेपलीकडे घुमणारा नर नुसता दिसला तरी तिचा बीजकोष वाढतो, आणि तोच नर खच्ची केलेला, न घुमणारा असेल तर वाढत नाही. पुढे मे-फांग चेंग यांनी दाखवलं की मादी नराला उत्तर म्हणून जे घुमते, ते तिचं स्वतःचंच घुमणं तिच्या बीजकोषाला वाढवतं. स्वतःचा आवाज ऐकून स्वतःचं शरीर बदलतं!

माशांत तर मेंदू पुढे आणि ग्रंथी मागे. मालवणच्या खडकांत मिळणारे हेकरू सहसा आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. कॅरिबियन समुद्रातल्या निळ्या डोक्याच्या रॅस माशांत थव्यातला नर काढून घेतला की सगळ्यात मोठी मादी काही तासांतच, कधी मिनिटांत, नरासारखी वागू लागते. वृषण तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. बीजकोष काढून टाकलेल्या माद्याही तशाच वागल्या. म्हणजे 'आता इथे नर नाही, आणि माझ्याहून मोठं कोणी नाही' ही परिस्थिती मेंदूने वाचली आणि निर्णय झाला.

एका गोष्टीचा मात्र मला कंटाळा आलाय. ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणून विकणारे व्हिडिओ. जन्मभर जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल नावाच्या उंदरांवरून ती कथा निघाली. २०२३ साली याच उंदरांत ऑक्सिटोसिनचा ग्राहीच (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) जनुकीय बदल करून काढून टाकला, तरी त्यांच्या जोड्या जमल्या. ऑक्सिटोसिन निरुपयोगी आहे असं नव्हे. शेळी-मेंढी व्यायल्यावर पहिल्या एक-दोन तासांत पिल्लाचा वास मेंदूत पक्का करते, त्यात त्याचा मोठा हात असतो. पण एका रसायनाला एक भावना चिकटवून दिली की विज्ञान संपतं.

आता गोठ्याकडे. त्या शेळीने नकार दिला तेव्हा ती खरोखर उभ्या माजात होती का, हे आधी पाहा. शेळीचा माज २४ ते ३६ तास टिकतो. त्याच्या सुरुवातीला ती शेपटी हलवते, ओरडते, नराजवळ घुटमळते, पण उभी राहत नाही. शेजाऱ्याचा बोकड तिने संध्याकाळी पाहिला आणि तुमच्या बोकडाला सकाळी झिडकारलं असेल, तर फरक पसंतीचा नसून वेळेचा असू शकतो. तेव्हा दोन्ही बोकड एकाच वेळी, कुंपणाआडून, दाखवून बघा. मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात हे २००१ मध्ये सिद्ध झालंय. तुमच्या बोकडाने तिला कधी टक्कर मारून दुखावलं असेल तर ती विसरली असेल असं मी धरणार नाही. मागचे पाय, खूर आणि कासही तपासून घ्या. दुखणारी शेळी कुठल्याच बोकडाचं वजन पेलत नाही.

बोकड तिचाच मुलगा किंवा बाप असेल तर तिच्या नकाराकडे न पाहता तुम्हीच नकार द्या. बोकड दर दोन वर्षांनी बदला, आणि वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक ठेवा. पुढच्या वेळी एकत्र माज हवा असेल तर आधी माज आणणाऱ्या हार्मोनच्या स्पंज आणि इंजेक्शनच्या मागे धावू नका. बोकड किमान तीन-चार आठवडे इतक्या लांब ठेवा की वास, आवाज, दर्शन काहीच पोचणार नाही. वाऱ्याची दिशा बघा, शेजारचा गोठा लांब नव्हे. परत आणण्याआधी दोन-तीन आठवडे शेळ्यांना रोज मूठ-दोन मुठी भरडा जास्त द्या आणि जंताचं औषध पाजून घ्या. अंगात मांस नसलेल्या शेळीचा मेंदू बोकडाचा वास आला तरी ते ठेके वाढवायला तयार होत नाही, आणि कोकणात जून ते ऑगस्ट ओल्या गोठ्यात कोंडलेल्या शेळ्यांचं नेमकं हेच होतं. बोकडालाही खाऊ घाला. तो ढिम्म उभा राहणारा असेल तर दुसरा आणा.

त्या शेळीची तारीख लिहून ठेवा. गाभण राहिली नसेल तर २१ दिवसांच्या आसपास ती पुन्हा माजावर येईल. तेव्हा शेजाऱ्याला विचारून तिला त्याच्याच बोकडाकडे न्या.